उशीखालचं साहित्य

सरकारनं वाचनालयांना अ, ब, क, ड असे वर्ग लावून दिले, तसे पुस्तकांनाही लावले असते तर हदगावातली निम्मी भांडणं मिटली असती. ‘अ’ला अनुदान, ‘ड’ला वाचक. सध्या कुठलं पुस्तक साहित्य आणि कुठलं नुसता टाइमपास, हा वाद एसटी स्टँडवर नांदेडची गाडी येईपर्यंत चालतो. गाडी लवकर आली असं आजवर झालेलं नाही.

आमच्या गल्लीत एक रिटायर्ड गुरुजी आहेत. बैठकीतल्या काचेच्या कपाटात नेमाड्यांची ‘कोसला’, नाव दारातून वाचता यावं अशी. १९६३ साली पंचविशीतल्या पोरानं लिहिलेली ही कादंबरी गुरुजींच्या घरी अजून तितकीच कोरी आहे. उशीखाली मात्र बाबुराव अर्नाळकरांचा झुंजार.

“काय वाचलालाव गुर्जी?”

“भाषेचा अभ्यास चालू आहे.”

हजारावर रहस्यकथा लिहिणाऱ्या माणसाचा अभ्यास एका जन्मात होत नसतो, हेही खरंच.

नांदेडच्या नरहर कुरुंदकरांना असली चोरी करावी लागली नाही. ‘धार आणि काठ’मध्ये मराठी कादंबरीची झाडाझडती घेणारा हा समीक्षक; त्यानंच रणजित देसायांच्या घरोघरी पोचलेल्या ‘श्रीमान योगी’ला भलीथोरली प्रस्तावना लिहिली. आमच्याकडे विद्वान मंडळी तेवढी प्रस्तावनाच वाचतात आणि बाकीचं गाव ती उलटून थेट महाराजांकडे जातं. एकाच पुठ्ठ्यात दोन्ही पक्ष सुखानं नांदतात. सुहास शिरवळकरांच्या ‘दुनियादारी’वर २०१३ साली सिनेमा आला, तेव्हा भले भले प्राध्यापक “आम्ही कॉलेजातच वाचली होती” म्हणू लागले. कॉलेजात विचारलं असतं तर ओळखही दाखवली नसती.

माझं म्हणाल तर नेमाड्यांच्याच ‘हिंदू’ कादंबरीनं मला रात्रभर जागवलं आणि नारायण धारपांच्या भयकथेवर मला गाढ झोप लागते. बायकोचं नेमकं उलट. ‘हिंदू’ उघडली की तिचे डोळे मिटतात. धारप वाचले की रात्री अंगणात जायला तिला सोबत लागते, म्हणजे मला उठावं लागतं. थोडक्यात, झोप माझीच जाते. दर्जा कुणाचा मोठा, हे यावरून कुणाला ठरवायचं असेल तर खुशाल ठरवावं.

आता एक विनंती. गुरुजींच्या झुंजारची शेवटची पानं कुणीतरी फाडून नेली आहेत. ज्यानं नेली त्यानं आणून द्यावीत, नाव विचारलं जाणार नाही. बदल्यात ‘कोसला’ द्यायला गुरुजी तयार आहेत.