पवईला निघालेल्याची पूर्वतयारी (फक्त पालकांसाठी)

जूनमध्ये जेईई ॲडव्हान्सचा निकाल लागतो आणि पवईच्या आयआयटीत नवी बॅच दाखल होते ती जुलैअखेरीच्या सुमारास. मधल्या काळात त्या घरातली झाडून सगळी माणसं कामाला जुंपलेली असतात. रिकामा असतो तो एकटा, ज्याला प्रवेश मिळालाय तो. दोन वर्षांत पहिल्यांदाच त्याला दुपारची झोप लागलेली असते, ती कृपया मोडू नका. तयारी त्याची नाही, तुमची आहे.

सुरुवात फ्लेक्सपासून करावी. चौकातल्या फ्लेक्सवर माजी नगरसेवकांचा फोटो कमरेपर्यंत, त्यांच्या नेत्यांचे फोटो वर गोलांत, आणि खाली उजव्या कोपऱ्यात, शुभेच्छुकांच्या यादीला खेटून, चिरंजीवांचा पासपोर्ट साइझ. रँक मात्र ठसठशीत छापतात, कारण चेहरा काय, सगळ्यांनाच असतो. शेजारच्या भिंतीवर क्लासची जाहिरात, तीत तोच चेहरा. पुढच्या चौकात दुसऱ्या क्लासची, तिथेही तोच. दुसऱ्या क्लासात तो फक्त टेस्ट सिरीज सोडवायला गेला होता. तिसऱ्या क्लासात एका डेमो लेक्चरला बसून एसीची हवा खाऊन आला होता, पण त्यांचाही दावा आहेच. अकरावी-बारावीला ज्या ज्युनिअर कॉलेजात नाव घातलं होतं तिथे सत्कार ठेवतात. चिरंजीव 'इंटिग्रेटेड'वाले (नाव कॉलेजात, हजेरी क्लासात) असल्यामुळे कॉलेज ते त्या दिवशी नीट पाहतात. स्टाफरूम कुठे आहे हे शिपायाला विचारावं लागतं, आणि मग व्यासपीठावर प्राचार्य 'आमच्या संस्कारांत वाढलेला' असं म्हणतात तेव्हा मान खाली घालून शाल सांभाळावी लागते.

सत्काराला आलेल्या नातेवाइकांचा प्रश्न एकच असतो. 'कम्प्युटर ना?'

याचं उत्तर बहुतेक घरांत 'नाही' असं असतं. जेईई मेन दिलेल्यांतल्या पहिल्या अडीच लाखांनाच ॲडव्हान्सला बसता येतं, आणि 23 आयआयटी मिळून जागा सतरा-अठरा हजार. त्यात मुंबईची कम्प्युटर सायन्स खुल्या गटात साधारण पहिल्या 60-70 क्रमांकांतच संपते. एवढी चाळण पार करून पोरगं मेटलर्जीला लागलं, की आत्या विचारते, 'म्हणजे भांड्यांचं का रे?' यावर वडिलांचं उत्तर पूर्वी ठरलेलं असे: 'वर्षभरात ब्रँच बदलून घेईल.' काही आयआयटींनी आता ती सोयच काढून टाकली आहे. पहिल्या वर्षातही मुलांनी त्याच शर्यतीत धावत राहू नये, म्हणून. वडिलांच्या तोंडचं वाक्य काढून घेतलं, याचा विचार त्यांनी केलेला दिसत नाही. तेव्हा 'ब्रँचचं काही नसतं हो, टॅग महत्त्वाचा' हे नवं वाक्य आतापासून घोकून ठेवा.

मुलगी निघाली असेल तर आणखी एक उत्तर लागेल. 2018 पासून आयआयटींनी मुलींसाठी जादा जागा निर्माण केल्या. जादा, म्हणजे कुणाच्या वाट्याच्या काढून घेतलेल्या नव्हेत. तरी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक काका 'मुलींचं सोपं असतं आता' असं टाकणारच. त्यांच्या स्वतःच्या घरात मेनसुद्धा कुणाला निघालेली नसते, असं आमचं निरीक्षण आहे.

मग सामान. बादली, मग, दांडी, चिमटे, गादी. यातलं सगळं पवईत मिळतं, पण सोलापूरहून बादली नेली नाही तर आईबापांनी केलं काय? बादलीत लाडूंचा डबा, लाडवांवर भाजणी, भाजणीवर मेतकूट. मुंबईत तेव्हा ऐन पावसाळा असतो आणि छत्री घरी राहते, कारण बॅगेत जागा नव्हती. उत्पन्नाचा दाखलाही राहतो. आता खरं तर तोच आधी काढायला हवा. 2016 साली आयआयटीची ट्यूशन फी वर्षाला 90 हजारांवरून 2 लाखांवर गेली. पण अनुसूचित जाती-जमातींच्या आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना, तसंच वर्षाला एक लाखाखाली उत्पन्न असलेल्या घरांना ती पूर्ण माफ आहे. उत्पन्न एक ते पाच लाख असेल तर दोन तृतीयांश माफ. पण तहसील कचेरीच्या रांगेत फोटो काढून स्टेटसला ठेवता येत नाही, बादलीबरोबर येतो.

मातोश्रींना कुणीतरी सांगितलेलं असतं, की संजय गांधी उद्यान जवळ असल्यामुळे त्या आवारात बिबट्या येतो आणि पवई तलावात मगरी आहेत. दोन्ही खरं आहे. पण चिरंजीवांना गाठणारा प्राणी वेगळाच, त्याचं नाव एप्सिलॉन.

दोन वर्षं चिरंजीवांनी चार पर्यायांतले तीन खोडायची विद्या कमावलेली असते. लिमिट दिसली की लोपितालचा नियम लावायचा, उत्तर 'सी', पुढचा प्रश्न. 'प्रूफ इम्पॉर्टंट नाही, फॉर्म्युला लिहून घ्या' हे सरांचं वाक्य वहीच्या प्रत्येक पानावर अदृश्य शाईत उमटलेलं. पवईत पहिल्या वर्षी कॅल्क्युलस तोच, पण सुरुवात एप्सिलॉन-डेल्टापासून, आणि प्रश्नाखाली ए-बी-सी-डी नसतं. लिहिलेलं असतं, 'सिद्ध करा'. हा प्रकार त्याने शेवटचा पाहिला तो दहावीच्या भूमितीत. शिवाय एनसीसी, एनएसएस किंवा एखादा खेळ यांपैकी काहीतरी करावंच लागतं. क्लास बुडेल म्हणून ज्याला आठवीपासून मैदानावर सोडलं नाही, त्याला आता धावायला सांगतात, तेही मार्कांशिवाय. धावण्याची टेस्ट सिरीज नसते.

यावर उपाय शोधणारे पालक आहेत. एका वडिलांनी क्लासमध्ये जाऊन विचारलं, की फर्स्ट इयरची बॅच कधी सुरू करताय? सर म्हणाले, बघू. सर बघतील, याबद्दल आम्हाला शंका नाही.

खरी तयारी करायची आहे ती वेगळ्याच गोष्टीची, आणि तिच्यासाठी दुकानात काही मिळत नाही. पवईत दाखल होणारा जो तो कुठल्या ना कुठल्या शाळेत पहिला आलेला असतो. ग्रेड मात्र एकमेकांच्या तुलनेत ठरते. म्हणजे अर्धा वर्ग वर्गाच्या खालच्या अर्ध्यात येणार. हे सिद्ध करायला एप्सिलॉन लागत नाही, पण ते फ्लेक्सवर मावत नाही. पहिल्या सेमिस्टरचा सहा-सात एसपीआय, म्हणजे दहापैकी सरासरी ग्रेड, घेऊन पोरगं डिसेंबरात घरी येतं, आणि चौकातला फ्लेक्स अजून उतरवलेला नसतो. कॅम्पसवर एटीएम कुठे, देऊळ कुठे, मेसमध्ये भाकरी मिळते का, याची चौकशी आपण प्रवेशाच्या आधी करून ठेवतो. तिथे स्टुडंट वेलनेस सेंटर आहे, समुपदेशक आहेत, नव्या मुलांना सीनिअर मेंटर देतात, हे कुणी विचारत नाही. विचारलंच तर 'आपल्याला कशाला लागतंय' असं आपणच उत्तर देतो. हे उत्तर फार महागात पडलेली घरं या देशात आहेत, म्हणून एवढ्यापुरती थट्टा बाजूला ठेवतो.

पॅकेजचा प्रश्न चार वर्षांनी यायचा, पण काका तो हॉस्टेलच्या दारातच विचारून घेतात. सीनिअर मुलं अशा वेळी मोबाइलमध्ये बघत उभी राहतात, तसंच तुम्हीही करा.

तेव्हा पालकहो, फ्लेक्स या रविवारी उतरवा. उत्पन्नाचा दाखला लागणार असेल तर उद्याच अर्ज करा. बादली तिथेच घ्या, छत्री इथून न्या. खोलीत गादी टाकून झाली, फोटो झाला, की वॉर्डनशी ओळख काढत बसू नका, निघा. स्टेशन कांजूरमार्ग, आणि तिथे फास्ट लोकल थांबत नाही.