खोबरं हातात, पॉवर बँक पोटात

अंदमानला निघालेल्या छत्तीस जणांच्या ग्रुपची सामानाची यादी सध्या आमच्या सोसायटीत मोबाइलवरून मोबाइलवर फिरते आहे. तिच्यात चौदाव्या क्रमांकावर लिहिलंय: ‘सुकं खोबरं, माणशी दोन वाट्या. केबिन बॅगेतच ठेवावं, मोठ्या बॅगेत फुटतं. पॉवर बँक उगाच खांद्याला जड होते, ती मोठ्या बॅगेत टाकावी.’

एवढ्याशा मजकुरात दोन सल्ले द्यायचे आणि दोन्ही तंतोतंत उलटे द्यायचे, याला प्रतिभा लागते. पॉवर बँकेतल्या लिथियम बॅटरीने विमानाच्या पोटात पेट घेतला तर विझवायला तिथे कोणी बसलेलं नसतं, म्हणून ती हातातच न्यायची असते. आणि सुकं खोबरं? ते हातातही चालत नाही आणि पोटातही चालत नाही. ओल्या खोबऱ्यात निम्मं पाणी असतं. ते वाळवलं की उरतं त्यात साठ-पासष्ट टक्के तेल. असं खोबरं ढिगाने कोंडलं, त्याला जरा दमट हवा लागली, की ते आतल्या आत तापायला लागतं. जहाजाच्या फाळक्यात भरलेल्या खोबऱ्याने आपण होऊन पेट घ्यावा, हे दर्यावर्दींना जुनं ठाऊक आहे. धोकादायक मालाच्या आंतरराष्ट्रीय यादीत त्याला स्वतंत्र क्रमांक आहे, 1363, आणि वर्ग आहे 4.2: आपोआप पेटू शकणारे पदार्थ. म्हणजे आपण ज्याची चिमूट कांदेपोह्यांवर भुरभुरवतो, तो पदार्थ.

छत्तीस गुणिले दोन, बहात्तर वाट्या. पाच-सहा किलो ज्वालाग्राही माल खांद्याला लावून एक शांतताप्रिय ज्येष्ठ नागरिक संघ विमानतळाकडे निघाला आहे आणि त्यांच्या मते धोका एकच आहे, वाटी फुटण्याचा.

मी यादीकार काकांना जिन्यात गाठलं. म्हटलं, “काका, बेटावर नारळ मिळतो हो.”

“मिळत असेल. पण आपल्यासारखा नाही मिळत.”

या वाक्यापुढे बोलणं खुंटतं. चहा आपल्यासारखा नाही, भात आपल्यासारखा नाही, समुद्रसुद्धा ‘छान आहे, पण आपल्या गुहागरसारखा नाही.’ आता या ‘आपल्या’ खोबऱ्याचं गोत्र बघा. आपल्या वाण्याकडच्या पोत्यातल्या कितीतरी वाट्या आणि गोटे येतात कर्नाटकातल्या तिपटूरहून. खोबऱ्याच्या गोट्याची देशातली मोठी बाजारपेठ ती. उरलेलं केरळ, तमिळनाडूकडचं. आणि निकोबारकडचं खोबरं तर कित्येक पिढ्या बोटीत चढून मुख्य भूमीकडे येत आलं आहे. त्या बेटांवर एके काळी देवाणघेवाणीत नारळ हेच नाणं होतं, कापड नि कोयते नारळ मोजून घेतले जात. त्याच समुद्राच्या दिशेने आमचे काका आता डोंबिवलीच्या वाण्याचं खोबरं घेऊन निघालेत. गंगा उलटी वाहते ऐकलं होतं, इथे तिला तिकीट काढून विमानात बसवलंय.

बरं, खोबरं एकटं जात नाही. खोबरं म्हटलं की किसणी आली. किसणीला दात, म्हणून ती मोठ्या बॅगेत. लसणीची चटणी आली, तिला वेगळा डबा, डब्याला वर प्लास्टिकची पिशवी, पिशवीला रबर. (चटणी कुटणार कोण, हे यादीत नाही. यादी काकांनी केली आहे.) मेतकूट, भाजणी, गोडा मसाला, साखरांबा, आणि हॉटेलच्या खोलीत ‘फक्त पाणी गरम करायला’ विजेची किटली, जिच्यात पुढे पिठलं होणार हे किटलीलाही माहीत असतं. मग येतो पंधरा किलोंचा प्रश्न. रविवारी संध्याकाळी क्लब हाउसमध्ये वजनाचा कार्यक्रम झाला. पद्धत अशी की काका बॅग उचलून बाथरूमच्या काट्यावर उभे राहणार, मग बॅग ठेवून उभे राहणार, आणि काकू वहीत वजाबाकी मांडणार. त्या वजाबाकीत काकांचं खरं वजन बिल्डिंगभर जाहीर झालं ते झालंच, पण बॅगही निघाली साडेसतरा. आता अडीच किलो काढायचं काय? चटणी? शक्य नाही. किटली? वेड लागलंय का. शेवटी निघाल्या टॉर्च, छत्र्या, पाण्यात घालायच्या रबरी चपला आणि एक टोपी. टोपी म्हणजे वजन किती असणार, पण ‘फुगते फार’ म्हणून गेली.

म्हणजे बेटाला जे लागतं तेवढं बरोबर वेचून घरी ठेवलं. अंदमान भारतीय प्रमाणवेळेच्या रेखांशाच्या दहाएक अंश पूर्वेला आहे, पण घड्याळ आपलंच. थंडीच्या दिवसांत संध्याकाळी पाचच्या सुमाराला सूर्य बुडतो, म्हणून टॉर्च. पाऊस तिथे नैर्ऋत्येकडूनही येतो आणि परतताना ईशान्येकडूनही, नोव्हेंबरात स्वच्छ उन्हावर विश्वास ठेवू नये, म्हणून छत्री. प्रवाळाचे तुटके कोपरे तळव्याला ब्लेडसारखे लागतात, म्हणून रबरी चपला. वाळूतल्या बारीक माश्या संध्याकाळी पोटऱ्या फोडून काढतात, म्हणून लांब पायजमा आणि मलम. श्री विजयपुरमहून, म्हणजे परवापरवापर्यंतच्या पोर्ट ब्लेअरहून, स्वराज द्वीपला बोटीने जायचं तर उलटीची गोळी बोट सुटण्याआधी घ्यायची असते, बोट हलायला लागल्यावर नाही. यादीत गोळीचा उल्लेख आहे खरा. एकतिसावा क्रमांक, ‘आवळा सुपारी’च्या खाली, ‘गरज वाटल्यास’. गरज वाटते तेव्हा तोंड पिशवीत असतं, काका.

इथपर्यंत हसण्यासारखं आहे. लोकांनी चटणी न्यावी, परदेशातसुद्धा न्यावी, माझी काही हरकत नाही. पोट प्रत्येकाचं आपलं असतं. पण येताना काय होतं ते सांगतो. डबे रिकामे होतात. चटणीच्या, साखरांब्याच्या, भाजणीच्या डब्यांत जागा होते आणि आपल्याला रिकामी जागा बघवत नाही. मग किनाऱ्यावर वाकून वाकून वेचणी सुरू होते. शंख, शिंपले, प्रवाळाचे पांढरे तुकडे. ‘पडलेलेच तर आहेत!’ पडलेले नाहीत हो, ते तिथे राहतात! अंदमानच्या वाळूत पाठीवर रिकामा शंख घेऊन चालणारे खेकडे जागोजागी दिसतात. त्यांचं पोट मऊ असतं, उघडं पडलं की मेलेच. जरा वाढले की त्यांना मोठा शंख लागतो, आणि तो नेमका कुणाच्या तरी शोकेसमध्ये, फिश टँकमध्ये नाहीतर देवघरात, गेलेला असतो. ज्या पांढऱ्या वाळूवर लोळून फोटो काढले ती वाळूच बहुतेक प्रवाळांचा आणि शिंपल्यांचा चुरा आहे. आज उचललेला तुकडा ही तिथली उद्याची वाळू. छत्तीस माणसं, एका सहलीला एवढी, आणि हंगामात अशा सहलींना खंड नाही. ज्या बेटावर नारळाला तोटा नाही तिथे इथून खोबरं न्यायचं, आणि तिथलं जे एक चिमूटही हलवायचं नाही तेच रबर लावून, पिशवीत गुंडाळून, साखरांब्याच्या बरणीतून घरी आणायचं! वर परतीच्या विमानतळावर तपासणीत ते काढून घेतलं की तिथल्या पोराशी हुज्जत घालायची, ‘अहो, नातवासाठी आहे.’ नातवाला फोटो दाखवा. सातशे काढलेत, त्यातला एक दाखवा.

चौदाव्या क्रमांकाला दोन वाट्यांची जागा दिली, तर प्रवाळाला अर्धी ओळ द्यायला काय हरकत होती? यादीत तो विषय कुठेच नाही. मी काकांना तसं म्हणालो, तर ते म्हणाले, “आपले लोक समंजस आहेत, कुणी पकडलंच तर ग्रुपचं पत्र दाखवू.”

प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या, म्हणजे 1972 च्या कायद्याच्या, पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या शेजारी. शिक्षा किमान तीन वर्षं, कमाल सात, वर दंड. तिथे ग्रुपला सवलत मिळत नाही.