अक्षरशत्रू

आमच्या सोसायटीत मला ‘कम्प्युटरमधलं कळतं’ असा एक समज आहे. त्याचा उगम इतकाच, की एकदा सेक्रेटरींच्या प्रिंटरची निसटलेली वायर मी खोचली आणि प्रिंटर चालू झाला. वायर खोचायला अक्कल लागत नाही, हे मी तेव्हाच सांगायला हवं होतं. पण चारचौघांत कुणी आपल्याला हुशार म्हणत असताना मध्येच बोलणं बरं दिसत नाही.

त्यामुळे सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्मरणिकेचं काम आपसूक माझ्या गळ्यात पडलं. दहाव्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेतले काही लेख पुन्हा छापायचे होते आणि ते एका जुन्या सीडीत होते. फाइल उघडली तर आत इंग्रजी अक्षरं, कंस, अर्धविराम आणि टक्क्याची चिन्हं एकमेकांच्या उरावर बसलेली. मी चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं आणि कमिटीला गंभीर आवाजात निदान सांगितलं, “व्हायरस.” कमिटीनेही तितक्याच गंभीरपणे माना हलवल्या. सीडी आणून देणाऱ्या खजिनदारांनी तर जाऊन साबणाने हात धुतले.

दुसऱ्या मजल्यावरची इंजिनिअरिंगला असलेली मुलगी तेवढ्यात मेंटेनन्सचा चेक द्यायला आली. माझ्या खांद्यावरून डोकावून म्हणाली, “काका, व्हायरस कसला? मराठीच आहे हे. तुमच्याकडे फाँट नाहीये.”

मग तिने मला, म्हणजे सगळ्या कमिटीदेखत मला, पहिलीपासून शिकवलं. कम्प्युटरला अक्षर नावाची गोष्ट ठाऊकच नसते. तो फक्त शून्य आणि एक ओळखतो, म्हणून प्रत्येक अक्षराला एक क्रमांक द्यावा लागतो. कॅपिटल ए म्हणजे ६५, त्याच्या भाषेत १०००००१. हा आस्कीचा तक्ता अमेरिकेत १९६३ साली ठरला. त्यात बिटं सात, म्हणजे जागा १२८. त्यांत इंग्रजी अक्षरं, आकडे, विरामचिन्हं आणि सातव्या क्रमांकावर चक्क यंत्रातली घंटा वाजवायची खूण. (घंटेला जागा मिळाली, ‘ळ’ला नाही. असो.) यावर आपल्याकडच्या डीटीपीच्या धंद्यात तोड निघाली ती पोटभाडेकरूची. क्रमांक इंग्रजी अक्षराचाच राहू द्यायचा, फाँटमध्ये चित्र मात्र मराठीचं काढायचं. आमच्या स्मरणिकेच्या फाँटात स्मॉल डीच्या घरात ‘क’ राहत होता. कम्प्युटरच्या दफ्तरी नाव डीचंच. फाँट नसला की दारावरची मूळ मालकाची पाटी दिसणार.

“हे मला माहीतच होतं,” मी म्हणालो. कुणीच माझ्याकडे पाहिलं नाही.

तिने पेनड्राइव्हमधून फाँट आणून दिला आणि ती गेली. ती गेली हेच चुकलं. मी सगळा मजकूर एकदम निवडला आणि फाँट लावून टाकला. लेख झळाळून उठले, पण त्याच फाइलीत खाली सभासदांची यादी होती, ती इंग्रजीत. आमच्या इमारतीत डॉक्टर भरपूर. प्रत्येकाच्या नावाआधी आता ‘क्तण्’ आलं. पुढची नावं वाचायचं मला धाडस झालं नाही.

मग सेक्रेटरींचं मनोगत मी स्वतः त्याच फाँटात टाइप केलं. टायपिंगच्या प्रोग्रामला वाटलं, गृहस्थ इंग्रजी लिहितायत. त्याने शिष्टाचार म्हणून प्रत्येक वाक्याचं पहिलं अक्षर कॅपिटल केलं. स्मॉल डीत अख्खा ‘क’, कॅपिटल डीत अर्धा. झालं, ‘कमिटीने’ची ‘क्मिटीने’ झाली. ‘पाणी’तला ‘प’ अर्धा झाला, त्याला पुढचा काना चिकटून तो पुन्हा पुरा झाला आणि ‘पणी’ उरली. “पणी नियमित येते, याचे श्रेय सभासदांना आहे,” असं आमच्या सेक्रेटरींचं मनोगत सुरू झालं. सहीनिशी.

शेवटी त्याच मुलीने सगळं युनिकोडात नेलं. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ची. तिथे देवनागरीला स्वतःच्या १२८ जागा आहेत, ‘क’चा क्रमांक २३२५, शून्य-एकात १००१०००१०१०१. कुणाच्या घरात राहायला नको. स्मरणिका छापून आली. मी संपादकीयात तांत्रिक साहाय्याबद्दल स्वतःचे आभार मानले.

एवढ्यावर थांबलो असतो तर निभावलं असतं. पण सभासदांना निमंत्रणाचा एसएमएस पाठवायचा होता आणि मी म्हटलं, युनिकोड आहे ना, मराठीत पाठवू. घाऊक एसएमएस पाठवणाऱ्याकडे माणशी एकाच मेसेजचे पैसे भरले. एका मेसेजमध्ये १६० अक्षरं मावतात हे मी ऐकून होतो. आमचा मजकूर शंभरच्या आत.

नंतर कळलं, की मेसेजची पिशवी १४० बाइटांची. इंग्रजी अक्षराला सात बिटं, म्हणून १६० मावतात. मराठीत पाठवलं की प्रत्येक चिन्हाला सोळा, म्हणजे मावणार सत्तर. शिवाय ‘रौप्यमहोत्सव’ ही मी सहा अक्षरं मोजलेली. कम्प्युटर काना, मात्रा, पाय मोडल्याची खूण असं सगळं वेगवेगळं मोजतो आणि बारा म्हणतो. सेक्रेटरींनी आपल्या जुन्या वळणाने लिहिलेला मजकूर असा होता: “रविवारी संध्याकाळी ६॥ वाजता सोसायटीचा रौप्यमहोत्सव. कृपया घरी जेवून येऊ नये, भोजनाची सोय केली आहे.”

पैसे एकाचे, म्हणून गेला पहिला तुकडाच. सत्तरावं चिन्ह ‘ये’वरची मात्रा. घरोघरी पोचलं ते असं: “रविवारी संध्याकाळी ६॥ वाजता सोसायटीचा रौप्यमहोत्सव. कृपया घरी जेवून ये”.

सगळे जेवून आले. श्रीखंडाची पातेली तशीच झाकलेली. केटरर हिशेबासाठी सेक्रेटरींना शोधत होता, सेक्रेटरी मला, आणि मी लिफ्टच्या मागे उभा होतो. तिथे मला गाठलं ते तळमजल्यावरच्या आजोबांनी. त्यांना जेवणाचं काही नव्हतं.

“जेवून ये म्हणे,” ते काठी आपटत म्हणाले, “ऐंशी उलटली माझी. ‘या’ म्हणायला काय झालं होतं रे तुला?”