डाव्या चाकाचे नाना

नानांच्या घरावरून गाडी नेताना काच वर करून काही उपयोग नाही. आवाज चाकापाशी होतो आणि नाना व्हरांड्यात बसलेले असतात. काचीगुड्याच्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी कुणीतरी हौसेने सिमेंटचा उंचवटा घालून ठेवला आहे. त्यावरून पुढचं चाक उतरताना ‘खट्’ झालं की वर्तमानपत्र खाली येतं आणि हाक येते, ‘‘डावीकडचं. लोअर आर्मचं बुश. किती चालली गाडी?’’ थांबलात तर थोड्याच वेळात तुमची गाडी जॅकवर असते. न थांबता निघून गेलात तर संध्याकाळी काकूंकडून निरोप येतो, की नाना काळजीत आहेत, नीट जेवलेसुद्धा नाहीत.

घरच्या घरी काहीतरी उघडून बसणारी माणसं मराठी मुलखात कुठेही सापडतात. कुणी मिक्सर उघडतं, कुणी भिंतीवरचं घड्याळ. हैदराबादच्या नानांच्या वाट्याला गाडीचा पुढचा भाग आला तो इथल्या रस्त्यांच्या कृपेने. मेट्रोची पहिली गाडी २०१७च्या नोव्हेंबरात धावली, आमच्याकडची सुलतान बाजारची बाजू २०२०च्या फेब्रुवारीत उघडली. तोवर निम्मं शहर उकरून ठेवलेलं होतं. पुढे त्याच वर्षी ऑक्टोबरात असा पाऊस कोसळला, की रस्ता कुठला आणि नाला कुठला हे चाकानेच चाचपून ठरवायचं. शहराचे हाल झाले. नानांना मात्र त्या हिवाळ्यात मान वर करायला सवड नव्हती.

याच शहरात गंगाधर टिळक कटनम नावाचे एक गृहस्थ आहेत. रेल्वेतून निवृत्त झाल्यावर ते आणि त्यांच्या पत्नी स्वतःच्या पेन्शनमधून रस्त्यावरचे खड्डे बुजवत आले. वर्तमानपत्रांनी त्यांना रस्त्यांचे डॉक्टर म्हटलं. नानांना त्यांच्याबद्दल अपार आदर आहे. ‘‘नाव बघ. गंगाधर टिळक! आपलाच माणूस.’’ ते तेलुगू आहेत, असं मी एकदा सांगून पाहिलं. ‘‘असू दे की. नाव कुणाचं आहे?’’ आणि मग जरा वेळाने, आवाज खाली आणून, ‘‘पण सगळेच बुजवले तर कसं व्हायचं रे?’’

नाना जन्माने मेकॅनिक नाहीत. ते स्टेट बँक ऑफ हैदराबादमधून निवृत्त झाले. ती बँक १ एप्रिल २०१७ला भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली. नानांनी ते विलीनीकरण अजून मान्य केलेलं नाही. गाडीचं वेड रक्तातच आहे, असं ते सांगतात. १९३२ साली निजामाच्या रेल्वेने सत्तावीस बसगाड्यांनिशी रस्ते वाहतुकीचं खातं काढलं, त्यात म्हणे नानांचे आजोबा पहिल्यापासून होते. तिथे काय होते, हे नाना सांगत नाहीत. ते काकू सांगतात: तिकिटांचा हिशेब तपासायचे.

त्यामुळे दुरुस्तीसुद्धा बँकेच्या शिस्तीत चालते. लांबट जाड वही, डाव्या पानावर गॅरेजवाल्याने सांगितलेला आकडा, उजव्या पानावर प्रत्यक्ष खर्च, खाली लाल शाईत बचत. वही पाहून कुणालाही वाटेल की नाना या धंद्यात चांगलेच पुढे आले. जॅक, गोट्यांचा संच, टॉर्क पाना, बॉल जॉइंटचा पुलर हे सगळं त्यात धरलेलं नसतं. तो भांडवली खर्च. त्यावर दरवर्षी घसारा काढतात, पण तो वेगळ्या वहीत, आणि ती वही काकूंच्या दृष्टीला पडत नाही.

गाडी मारुती ८००. नंबर एपी ११ने सुरू होणारा. मध्यंतरी राज्य वेगळं झालं, नव्या गाड्यांवर टीएस आलं, मग टीएस जाऊन टीजी आलं. नाना एपीवरच आहेत. खुद्द कंपनीने २०१४च्या जानेवारीत हे मॉडेल बंद केलं, त्या दिवशी ते गाडीपाशी बराच वेळ उभे होते म्हणतात. काकूंचं या गाडीबद्दलचं मत एका वाक्याचं आहे: ‘‘गाडी आहे म्हणून रिक्षा करावी लागते.’’ ते खरं आहे. लग्नकार्य, बारसं, ग्रंथसंग्रहालयातला कार्यक्रम, काहीही निघालं की त्या दिवशी डावं चाक नेमकं काढलेलं असतं.

निदान करताना नानांना पाहावं. पुढची बाजू जॅकवर घेतात, आणि लगेच खाली दोन लोखंडी घोड्या सारतात. ‘‘जॅक उचलायला असतो, धरायला नसतो,’’ हे वाक्य ते गल्लीतल्या प्रत्येक मुलाला एकदा तरी ऐकवतात, आणि इथे मी सगळा थट्टेचा सूर बाजूला ठेवून सांगतो, की ते शंभर टक्के बरोबर आहेत. नुसत्या जॅकच्या किंवा विटांच्या भरवशावर गाडीखाली शिरणारा माणूस शूर नसतो. मग चाक वरून आणि खालून धरून हलवायचं: खेळ लागला तर बॉल जॉइंट नाहीतर बेअरिंग. डावी-उजवीकडून धरून हलवायचं: खेळ लागला तर टाय रॉडचं टोक. काहीच लागलं नाही तर पहार घालून बुश हलवून बघायचं. हे चाललेलं असताना नानांचे डोळे मिटलेले असतात आणि बोलायची परवानगी कुणालाच नसते. मी बॅटरी धरायला असतो. ‘‘काय बघायलास? उजेड इकडं धर!’’

दोष सापडला की राणीगंज. सिकंदराबादेतल्या त्या बाजारात नानांना सगळे ओळखतात, आणि ओळखीचा फायदा काहीही होत नाही.

‘‘क्या होना साब? ओरिजिनल होना, या चलनेवाला होना?’’

‘‘चलनेवाला कित्ता चलता?’’

‘‘दूसरे लोगां लगाए तो पाँच साल. आप हर इतवार को खोल के देखते, आप का हम नै बोल सकते.’’

नाना ओरिजिनल घेतात, डब्यावरचं होलोग्राम उन्हात धरून पाहतात, रबराला नख लावतात, वास घेतात. पावती मागतात. दुकानदार पावतीपुस्तक शोधायला आत जातो, तो बराच वेळ येत नाही. नाना उभे राहतात. व्हाउचरशिवाय त्यांनी पस्तीस वर्षांत पैसा सोडला नाही, आता काय सोडतील?

नानांच्या धाडसाला एक हद्द आहे, आणि ती स्ट्रटच्या स्प्रिंगपाशी येते. दाबून बसवलेल्या त्या स्प्रिंगवरचा मधला नट योग्य शिकंज्याशिवाय सोडला तर वरची टोपी बंदुकीतून सुटावी तशी सुटते. म्हणून नाना अख्खा स्ट्रट गाडीतून काढतात आणि काखेत मारून राणीगंजला नेऊन बसवून आणतात. गाडी अर्थातच उघडी पडलेली, तेव्हा सिटी बसने. एकदा मी बरोबर होतो. ईनाडूच्या पानांत गुंडाळलेला तो लांबोडका ऐवज बघून कंडक्टरने विचारलं, ‘‘ये क्या है साब?’’

‘‘मॅक्फर्सन,’’ नाना म्हणाले.

कंडक्टरने मागेपुढे पाहिलं. ‘‘उनका टिकट?’’

पुढच्या थांब्यापर्यंत नानांनी त्याला सगळं समजावलं. अर्ल मॅक्फर्सन हा अमेरिकन इंजिनिअर. जनरल मोटर्समध्ये एका लहान स्वस्त शेव्हरोलेवर काम करत होता. १९४७च्या सुमाराला कंपनीने तो बेत गुंडाळला, तेव्हा हा गेला फोर्डकडे, आणि स्प्रिंग, शॉकअब्सॉर्बर आणि चाकाचा वरचा आधार हे सगळं एका उभ्या खांबात बसवायची त्याची युक्ती आज जगातल्या बहुतेक छोट्या गाड्यांत आहे. कंडक्टर हौ हौ करत राहिला. शेवटी त्याने लगेजचं तिकीट फाडलंच. ते वहीत चिकटवलेलं आहे.

बसवण्याचा दिवस रविवार. गंजलेला बोल्ट शनिवारी रात्रीच डिझेलने भिजवलेला असतो. तरी तो निघत नाही. गल्ली हळूहळू जमते. समोरचे राव गारू चहाचा पेला घेऊन येतात आणि तेलुगूत सल्ला देतात, कोपऱ्यावरचा पंक्चरवाला दखनीत देतो, नाना मराठीत कुणाचाच घेत नाहीत. टाय रॉडचं टोक अडकलं की लोक म्हणतात, खालून हाण. खालून हाणलं तर आटे बसतात. नाना पुलर लावून ताण देतात आणि बाजूने, स्टिअरिंग नकलच्या डोळ्यावर, हातोडीचा एकच ठोका मारतात. टक्. सुटलं. या क्षणी त्यांनी कुणाकडेही बघायचं नसतं, आणि ते बघत नाहीत, पण चष्मा पुसतात. जुनं टोक फिरवून काढताना फेरे मोठ्याने मोजतात, म्हणजे नवं तेवढेच फेरे फिरवून बसवता येईल. ‘‘साडेतेरा. लिहून घे. अक्षरी पण लिही.’’

खरा नाना दिसतो तो यानंतर. नवा लोअर आर्म बसवला, बोल्ट घातले, की कुठलाही माणूस ते आवळून मोकळा होईल. नाना नुसते बोटाने लावून ठेवतात. बुशचं रबर आतल्या आणि बाहेरच्या लोखंडी नळीला पक्कं धरून असतं. चाक हवेत लोंबत असताना बोल्ट आवळला तर रबर त्याच स्थितीत पकडलं जातं, आणि गाडी जमिनीवर आली की ते कायमचं पिळलेलं राहतं. असं बुश लवकर फाटतं. म्हणून गाडी आधी चाकांवर उतरवायची, पुढून चार वेळा दाबून सोडायची, आणि मग, तिचं वजन तिच्या अंगावर असताना, खाली शिरून शेवटचा आवळा द्यायचा. मारुतीखाली जागा ती किती? पाडलेल्या वाड्याच्या दाराच्या सागवानी फळ्या नानांनी याच कामासाठी राखून ठेवल्या आहेत. चाकं त्यांवर चढवतात आणि सत्तरीचा माणूस गोधडीवर पालथा-उताणा होत आत जातो. टॉर्क पान्याचा ‘टक’ ऐकू आला की आतून आवाज येतो, ‘‘ह्याचे पैसे घेतात आणि हेच करत नाहीत!’’ गॅरेजवाल्यांवरचा त्यांचा सगळा राग या एका आवळ्यात आहे. तो अगदीच गैरलागू नाही. वर्षभरात परत खडखडणाऱ्या गाड्या मी या गल्लीत पुष्कळ पाहिल्या आहेत, आणि त्यांच्या मालकांना दर वेळी स्ट्रट बदलायला सांगितलेलं असतं.

व्हील अलाइनमेंट मात्र घरी होत नाही. नानांनी दोरा बांधून करून पाहिलं होतं; त्याबद्दल ते बोलत नाहीत. आता ते दुकानात जातात, मशीनवरच्या पोराच्या मागे हात बांधून उभे राहतात. पडद्यावर आकडे लाल दिसले तर त्यांचा चेहरा उतरतो. मागच्या खेपेला एका बाजूचा आकडा हिरवा आला. पोरगं म्हणालं, ‘‘अंकल, ये साइड कौन करा? अच्छा करा.’’ नानांनी त्याच्याकडून छापील कागदाची जादा प्रत मागून घेतली.

गाडी अशी सुतासारखी सरळ झाली की मग आठवडाभर नाना गप्प असतात. काकूंना नारायणगुड्याला भाजीला नेतात, आणतात. काही वाजत नाही. खिडकीची काच खाली करून, रेडिओ बंद करून, कान बाहेर काढून बघतात, तरी वाजत नाही. त्या आठवड्यात त्यांना हटकू नये. दुसऱ्या आठवड्यात ते म्हणतात, ‘‘तुला उजवीकडून काही ऐकू आलं का?’’ मला कधीच येत नाही, आणि मी दर वेळी ‘‘हो, जरासं’’ म्हणतो. मी हे का करतो हे काकूंना माहीत आहे, आणि त्यांनी माझ्याशी बोलणं कमी केलं आहे.

आता एक विनंती. नानांची हत्यारं नेणाऱ्याला वहीत सही करावी लागते. काय नेलं, कधी परत, सगळं लिहून. गेल्या दिवाळीच्या गडबडीत टाय रॉडचा पुलर आणि १७चा रिंग पाना कुणीतरी बिनसहीचे नेले. नानांनी ते तूर्त येणे रकमेत दाखवले आहेत, पण त्यांना झोप नाही. वाचकांपैकी कुणाकडे असतील तर कृपया आणून द्यावेत. काही विचारणार नाहीत. येताना मात्र गाडी आणू नये. मेट्रोने सुलतान बाजारला उतरून चालत यावं.