गिअरचा दांडा आणि मामांचा सल्ला

सिन्नरात गाडी एकट्याच्या पैशाने येते, पण एकट्याच्या मर्जीने येत नाही. मॉडेल मेहुणा ठरवतो, मुहूर्त आई काढून ठेवते, आणि ‘ॲव्हरेज किती देते’ हा प्रश्न वडिलांसाठी राखीव असतो. यंदा आमच्याकडे त्यात नव्या वादाची भर पडली: ऑटोमॅटिक की मॅन्युअल? शेजारपाजारचेही चहाला येऊन मत देऊन गेले.

मॅन्युअलची बाजू मामांनी लावून धरली. “मधे मोहदरीचा घाट आहे, विसरू नका,” एवढं एकच वाक्य ते पुन्हा पुन्हा टाकायचे. नाशिकहून सिन्नरला येताना हा घाट चढावा लागतो. रस्ता आता चांगला रुंद झालाय, त्यामुळे घाटाचा धाक गाडीला फारसा उरलेला नाही, पण मामांना आहे. पुढे एखादा लादलेला ट्रक रांगायला लागला की शेजारच्या सीटवरून हुकूम सुटतो, “सेकंड टाक. सेकंड! आता तरी टाक!” स्टिअरिंगवर कोणीही असो, क्लच मामाच दाबतात. त्यांच्या डाव्या पायाखालच्या मॅटला तिथे खळगा पडलाय. उताराला त्यांचा उलटा आग्रह, “न्यूट्रल कर, पेट्रोल वाचतं.” खरं तर आताच्या गाड्या गिअरमध्ये उतरत असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजिनाचं पेट्रोलच बंद करतात, न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते थोडं थोडं जाळावं लागतं. शिवाय इंजिनाची ओढ गेल्याने सगळा भार ब्रेकवर. हे मामांना सांगून झालंय. “कंपनीवाले काहीही सांगतात,” हे त्यावरचं उत्तर.

मामांचाही इलाज नाही. आमच्या भागात माणसांनी ड्रायव्हिंग पाहिलं ते एसटीत. जुन्या लाल गाडीत ड्रायव्हरच्या डाव्या हाताला इंजिनाचं गरम झाकण असायचं आणि गर्दी झाली की पोरांना त्याच्याजवळ उभं राहायला मिळायचं. तिथून तो दांडा दिसे. हातभर लांब, वरचा गोळा हाताच्या घामाने गुळगुळीत झालेला, गाडी उभी असतानाही अंगात आल्यासारखा थरथरणारा. ड्रायव्हर क्लच दाबून दांडा मधे आणायचा, पाय सोडायचा, पुन्हा दाबायचा आणि मग दुसऱ्या खाचेत ढकलायचा. डबल क्लच. जमला तर नुसता ‘खट्’, नाही जमला तर खालून असा खरखराट यायचा की मागच्या सीटवरचे म्हातारेसुद्धा झोपेतून म्हणत, “पडला नाही.” सगळी गाडी मिळून एक गिअर टाकत असे.

१ जून १९४८ ला पहिली एसटी पुणे-नगर धावली. त्याच मार्गावर, त्याच तारखेला, २०२२ साली विजेवरची ‘शिवाई’ आली. तिला क्लच नाही आणि बदलायला गिअरही नाहीत. ती सुटते तेव्हा काही झालंय असं वाटतच नाही. मामांनी एकदा पुण्याला जाताना अशा गाडीतून प्रवास केला. “गाडी छान आहे, पण ड्रायव्हर काही करत नाही,” असा शेरा मारून मोकळे झाले.

ऑटोमॅटिकच्या बाजूला बायको होती, आणि तिच्या बाजूला तिचा डावा गुडघा. तिचा मुद्दा घाटाचा नव्हताच. वावी वेस आणि आडवा फाट्याचा होता. कारखान्यांची पाळी सुटते, मोटारसायकली चारी बाजूंनी शिरतात, मधेच कांद्याचा ट्रॅक्टर. तिथे तासाभराचं काम म्हणजे फर्स्ट, न्यूट्रल, फर्स्ट, न्यूट्रल. रामनवमीच्या सुमारास मुंबईच्या पालख्या घोटीवरून सिन्नरमार्गे शिर्डीला निघतात. त्या गर्दीमागे हाफ क्लचवर गाडी सरकवताना पायाची नस धरते आणि क्लच प्लेटचा जळका वास आत येतो. साईबाबांचं नाव तोंडात आपोआप येतं, ते भक्तीनेच असं नाही.

पूर्वी ऑटोमॅटिक हे श्रीमंतांचं आणि पेट्रोल पिणारं प्रकरण होतं. २०१४ साली मारुतीने सेलेरिओत स्वस्तातली सोय आणली आणि ती मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. या प्रकाराला एएमटी म्हणतात, आणि त्यातली गंमत मला फार आवडली: आत गिअरबॉक्स मॅन्युअलचाच, क्लचही तोच, फक्त ते दाबायला-बदलायला एक यंत्र बसवलेलं. घर तेच, चूल तीच, पोळ्यांना तेवढ्या मावशी ठेवल्या. मावशी त्यांच्या वेगानेच पोळी उलटतात, म्हणून गिअर बदलताना गाडी क्षणभर विचारात पडल्यासारखी होऊन किंचित पुढे झुकते. चढावर थांबलं तर मात्र ब्रेक धरायचा. ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरली की आतला क्लच तापतो. म्हणजे घाट इथेही आहेच. हे मी मामांना अजून सांगितलेलं नाही.

समृद्धी महामार्गावर तर हा वाद विरघळूनच जातो. सिन्नर तालुक्यातल्या गोंद्याला वर चढलं की पुढे ताशी १२० ची मुभा आणि डोळे पोचतील तिथवर सरळ काँक्रीट. टॉप गिअर एकदा पडला की दांड्याला कोणी हात लावत नाही. मॅन्युअलवाल्याचा डावा हात बिचारा मांडीवर पडून राहतो, नाहीतर शेंगदाण्याच्या पुडीकडे वळतो.

माझं मत विचाराल तर मॅन्युअल हातात धरायला मजा येते, हे खरं. पण ती मजा मोकळ्या रस्त्याची, आणि मोकळा रस्ता आमच्या वाट्याला येतो तो पहाटे. बाकीचा दिवस आडवा फाट्याचा असतो. शिवाय घरात एकच गाडी असेल तर ती ज्याचा पाय दुखतो त्याच्या सोयीची असावी, एवढं साधं गणित मला पटलं. मॅन्युअलपेक्षा पन्नासेक हजार जास्त मोजून बुकिंग केलं.

मामा शोरूममध्ये डेमो गाडीत बसले. पुढच्या सीटवर, नेहमीच्या जागी. गाडी निघाली, गिअर आपोआप पडले, कोणाला काही सांगावं लागलं नाही. बराच वेळ ते गप्प होते. मग एसीच्या बटणांकडे त्यांचं लक्ष गेलं.

“पंखा दोनवर कर,” मामा म्हणाले. “एकवर काच धरते.”