उभा ऊस, आडवा दिग्दर्शक

मी आयुष्यात एकदाच दिग्दर्शक झालो, आणि त्या एका वेळी माझं लोकेशन साखर कारखान्याने नेलं. लोकांचे सेट पावसात भिजतात, वाऱ्याने पडतात. माझा सेट मोळ्या बांधून, ट्रॉलीत भरून, काट्यावर वजन होऊन गाळपाला गेला.

साल २०१६. कोल्हापुरात मी पत्रकारिता शिकत होतो, म्हणजे तसं घरी सांगितलं होतं. ‘सैराट’ एप्रिलच्या शेवटी येऊन गेला होता आणि दिवाळी उलटली तरी आमच्या वर्गाच्या अंगातून उतरला नव्हता. जो तो सावकाश वळून बघायचा. कँटीनमध्ये चहा घ्यायला जातानासुद्धा पोरं स्लो मोशनमध्ये जायची. अशात सरांनी प्रकल्प दिला: पाच जणांचा गट, तीन ते चार मिनिटांचा म्युझिक व्हिडिओ, वीस मार्क. गाणं स्वतःचं हवं. सिनेमातलं उचललं तर शून्य.

दिग्दर्शक कोण, हा प्रश्न आमच्या गटात निघालाच नाही. कॅमेरामनकडे कॅमेरा होता, लग्नाचे फोटो काढणाऱ्या मावसभावाचा. गीतकाराकडे वही होती. हिरोकडे तालमीत कमावलेली छाती होती आणि हिरोईनकडे अक्कल होती. माझ्याकडे यातलं काहीच नसल्यामुळे मी दिग्दर्शक झालो.

झाल्या झाल्या माझ्या अंगात शंभर वर्षांची परंपरा संचारली. ज्या गावात बाबूराव पेंटरांनी स्वतःच्या हाताने कॅमेरा घडवला, जिथे १९२९ मध्ये ‘प्रभात’ उभी राहिली, त्या गावात आपल्याला चार मिनिटांचं गाणं जमू नये? खरी कॉर्नरच्या कॅमेरा स्तंभापुढे गाडी थांबवून मी नमस्कारसुद्धा केला. मागच्या रिक्षावाल्याने हॉर्न मारून विचारलं, “काय भावा, नवस हाय काय?”

नवस नव्हता, पण असता तर बरं झालं असतं.

गीतकाराने एका रात्रीत गाणं लिहिलं. ‘साखर’ला ‘भाकर’ आणि ‘भाकर’ला ‘पाखर’ जुळवून तो दमला आणि उरलेल्या दोन कडव्यांत तेच शब्द फिरवून वापरले. चाल त्यानेच लावली, गायलाही तोच. रेकॉर्डिंग झालं हॉस्टेलच्या खोलीत, पंखा बंद करून, डोक्यावर दोन गोधड्या घेऊन, मोबाईलवर. दुसऱ्या कडव्यात बरोबर विरहाच्या ओळीवर शेजारच्या घरातला कुकर शिट्टी देतो. ती काढायला पुन्हा गोधडीत शिरावं लागणार होतं. गीतकार घामाने निथळत म्हणाला, “राहू दे. लोकांना वाटेल बासरी आहे.”

मी स्टोरीबोर्ड काढला. चौसष्ट चौकटी. मला चित्रकला येत नाही, म्हणून माणसं काड्यांची काढली आणि ऊसही काड्यांचाच. चाळिसाव्या चौकटीनंतर हिरो कुठला आणि ऊस कुठला हे मलाही ओळखू येईना. हिरोईनने तो कागद उलटा धरून पाहिला आणि म्हणाली, “असा जास्त बरा दिसतोय.”

खरं तर उसाच्या आधी आम्ही पन्हाळ्यावर जाऊन आलो होतो. तीन दरवाजापाशी ट्रायपॉड उघडला आणि रखवालदार उठला. परवानगीचा कागद आहे का? नव्हता. संरक्षित वास्तूत असं तिकाटणं लावून शूटिंग करायचं तर आधी अर्ज करावा लागतो, हे पत्रकारितेच्या विद्यार्थ्यांना माहीत असायला हरकत नव्हती. आम्ही झुणका-भाकर खाऊन खाली आलो.

मग कॅमेरामनच्या चुलत्यांचा, तात्यांचा, दीड एकराचा फड ठरला. तारीख ठरली रविवार, १३ नोव्हेंबर. खर्चाला प्रत्येकी पाचशे रुपये काढले आणि खजिनदार म्हणून मी त्या पाच कोऱ्या नोटा पाकिटात जपून ठेवल्या. ८ तारखेच्या मंगळवारी रात्री आठ वाजता त्या पाकिटाचं काय झालं, हे कुणाला सांगायला नको. आमचं अख्खं बजेट नोटबंदीच्या एका भाषणात रद्दी झालं. शूटिंगला निघालो तेव्हा त्या नोटा घेणारी एकच जागा वाटेवर होती, ती म्हणजे पेट्रोल पंप. तिथेही सुट्टे नव्हते. पाचशे दिले की पाचशेचंच पेट्रोल घ्यायचं. तेव्हा आमच्या निर्मितीत पैसा ओतला गेला तो असा: दोन मोटारसायकली टाकी गळेपर्यंत भरल्या, तिसऱ्या गाडीसाठी एक कॅन भरला, आणि पाच माणसं दिवसभर उपाशी राहिली. वडापाववाल्याने नोट उजेडाकडे धरून बघितली आणि आदराने परत केली.

तात्या बांधावरच उभे होते. “ऊस मोडला तर पैसं घीन. आनि सरीतनं पळू नका, कालच पानी दिलंय.”

माझ्या चौसष्ट चौकटींपैकी एकवीस चौकटींत हिरो सरीतून पळत होता.

लांबून ऊस फार रोमँटिक दिसतो. आत शिरल्यावर कळतं की त्या पात्याला करवतीसारखी धार असते आणि देठापाशी जी कूस असते ती एकदा मानेत गेली की दोन दिवस निघत नाही. हिरोला मी बिनबाह्यांचा शर्ट घालायला लावला होता, कारण दंड दिसायला हवेत. दंड दिसले. नऊ वाजेपर्यंत त्यांवर मांजराने ओरबाडल्यासारखे तांबडे फराटे उठले होते. तो चिखलात दर चार पावलांना घसरायचा, मी ‘कट’ म्हणायचो, कॅमेरामन कॅमेरा पुसायचा. हिरोईन मात्र अंगभर ओढणी गुंडाळून आली होती. तरी दुपारपर्यंत तीही मान खाजवत मला काहीतरी म्हणत होती. ते इथे छापता येणार नाही.

पण स्लो मोशन मिळालं! कॅमेरा सेकंदाला पन्नास फ्रेमवर लावायचा आणि एडिटिंगला पंचवीसने चालवायचा, की सगळं निम्म्या वेगात. एवढं मला माहीत होतं. आमच्या कॅमेऱ्यात पन्नास फ्रेम घेतल्या की चित्राची साइज ७२० वर उतरायची आणि सगळं जरा मऊ यायचं. मी त्याला ‘स्वप्नवत’ म्हणालो. छोटा स्पीकर सरीत ठेवून गाणं लावलं, हिरोने ओठ हलवले, सूर्य कलला, आम्ही खूश.

रात्री कॉम्प्युटरवर पहिला शॉट लावला. हिरो पळत येतो, सुंदर, केस उडताहेत. मग तो तोंड उघडतो. गाण्यात ‘साखर’ हा शब्द येऊन गेला, ‘भाकर’ येऊन गेला, आणि हिरो अजून पहिल्या ‘सा’चा आ वासून उभा. मग खालचा जबडा सावकाश डावीकडे गेला, सावकाश उजवीकडे आला. तात्यांच्या गोठ्यातली म्हैस दुपारी अशीच बसली होती.

“रवंथ करतोय,” कॅमेरामन म्हणाला.

चित्र निम्म्या वेगाने चाललं की ओठही निम्म्या वेगाने हलणार, पण गाणं तर आपल्याच वेगात असणार. ही गोष्ट सांगायला विज्ञान शाखा लागत नाही. पाच जणांत मिळून ती कुणाच्याही डोक्यात आली नव्हती. शोधत बसलो तेव्हा कळलं की यावर तोडगा जुना आहे. कोल्डप्लेच्या ‘यलो’च्या व्हिडिओत, २००० साली, तो गायक समुद्रकाठी सावकाश चालत गातो ना, ते असंच पन्नास फ्रेमवर घेतलंय: गाणं दुप्पट वेगाने लावलं, तो दुप्पट वेगाने गायला, मग चित्र निम्मं केलं आणि ओठ बरोबर जुळले. मी रात्री दीड वाजता सगळ्यांना मेसेज टाकला: ‘पुढच्या रविवारी पुन्हा. हिरो, फास्ट प्रॅक्टिस कर.’ हिरोईनचं एका ओळीत उत्तर आलं की ती येणार नाही, फार तर पेनड्राइव्ह देईल.

२० तारखेला पहाटे आम्ही तात्यांच्या शेताशी गाड्या लावल्या आणि मला वाटलं रस्ता चुकला. समोर दीड एकर उजेड होता. जमिनीवर पाचट, मधे बुडख्यांच्या रांगा, आणि त्या मोकळ्या रानात एक बगळा फिरत होता.

“तात्या, ऊस?”

“गेला की. गुरवारी टोळी आली.”

“अहो, पण एक फोन तरी करायचा!”

तात्यांनी तंबाखू मळायची थांबवली. “कारखान्याच्या चिटबॉयच्या मागनं म्हैनाभर फिरतोय मी तोडीसाठनं. तुज्या शिनेमासाठनं कारखाना थांबवू व्हय?”

यावर उत्तर नव्हतं. माझ्या चौसष्ट चौकटींत तोड आल्यास काय करायचं, अशी चौकट नव्हती. ज्या जिल्ह्यात नोव्हेंबरात शेंबडं पोरसुद्धा सांगतं की हंगाम सुरू झालाय, तिथे मी महिन्याच्या मध्यावर उभ्या उसाची कंटिन्युटी राखायला निघालो होतो.

तात्यांना दया आली असावी. पलीकडच्या बांधाला भावकीचा फड अजून उभा होता, तिकडे त्यांनी आम्हाला नेलं. ऊस तो ऊस, मी म्हणालो. तोडणीची टोळी, बीडकडची, नेमकी त्याच फडाच्या एका कडेने लागलेली होती. म्हणजे आम्ही या टोकाला शूटिंग करत होतो आणि त्या टोकाने आमचं लोकेशन कमी होत येत होतं. पेंटरांच्या काळी रीळ संपायची भीती असे, आम्हाला ऊस संपायची.

त्यात स्पीकरची बॅटरी गेली. बांधाला ट्रॅक्टर रिकामी ट्रॉली लावून थांबला होता. ऊस वाहणारा ट्रॅक्टर ज्यांनी आमच्याकडे ऐकलाय त्यांना पुढचं सांगायला नको. ड्रायव्हर खाली वाकून म्हणाला, “द्या की तो पेनड्राइव्ह. दोन बेस हायत माज्याकडं.”

पेनड्राइव्हवर आमचं गाणं होतं, एकच फाइल, दुप्पट वेगाची. त्याने आवाज पूर्ण वर केला.

गीतकाराचा तो कष्टाने दाबलेला, विरहाने जड झालेला आवाज दुप्पट वेगात उंदरासारखा चिरकत शिवारभर पसरला. कुकरची शिट्टी टिटवीसारखी वाजली. कोयते थांबले. टोळीतली पोरं पळत आली आणि नाचायला लागली. हिरो फराटे उठलेल्या दंडांनी, डोळ्यांत प्रेम आणून, तोंड शिवणयंत्रासारखं चालवत उभा. मोळी डोक्यावर घेतलेली एक बाई थांबली, दोन मिनिटं ऐकलं आणि कॅमेरामनला म्हणाली, “गाणाऱ्याला कुठं जायची घाई झालीय का?”

नायक-नायिकेच्या हातात हात घेण्याचा क्लोजअप राहिला होता. हिरोईन नाही, म्हणून तात्यांच्या घरच्या काकूंच्या बांगड्या साबण लावून माझ्या हातात चढवल्या. दोन फुटल्या, तीन चढल्या. तो हात माझा आहे. हिरोने तो पकडताना तोंड बाजूला का वळवलंय, असं नंतर वर्गात एकीने विचारलं. आणि हिरोईनच्या मनगटावर एवढे केस कसे, असं दुसरीने.

तोंडी परीक्षेला बाहेरून परीक्षक आले होते. शांत माणूस, पांढरा शर्ट. व्हिडिओत दुसऱ्या कडव्यानंतर एकदम कापलेला फड येतो, कारण तेवढाच शॉट आमच्याकडे जागा भरायला होता. त्यांनी विचारलं, “हे काय सुचवायचंय?” मी या क्षणाची तयारी केली होती. म्हणालो, “सर, विरह. प्रेम तोडलं गेलंय. उभं पीक म्हणजे मीलन, आणि बुडखे म्हणजे उरलेल्या आठवणी.” वर्गात शांतता पसरली. हिरोने माझ्याकडे आदराने पाहिलं, आयुष्यात पहिल्यांदा.

“बरं,” परीक्षक म्हणाले. “पण पहिल्या कडव्यात ८६०३२ आहे आणि तिसऱ्यात २६५. मीलनात मधेच जात बदलली?”

त्यांचा स्वतःचा तीन एकर ऊस होता. कंटिन्युटीची चूक म्हणजे शर्टाचं बटण, घड्याळाचे काटे, ग्लासातलं पाणी, असं मी पुस्तकात वाचलं होतं. पात्यावरून उसाची जात ओळखणारा परीक्षक त्या पुस्तकात नव्हता. मी तात्यांचं, टोळीचं, चिटबॉयचं सगळं खरं सांगून टाकलं. ते पहिल्यांदा हसले आणि म्हणाले, “हेच का नाही दाखवलंत?” मग वहीत मार्क लिहिले. वीसपैकी अकरा.

जानेवारीत एका संध्याकाळी कारखान्याच्या रस्त्याने येत होतो. ट्रॅक्टरांची रांग लागलेली, ट्रॉल्या भरून, काट्याकडे मुंगीच्या पावलाने सरकत. पाठीमागून कुठूनतरी ती टिटवी ओरडली. कुकर! मग उंदराच्या आवाजात साखर, भाकर, पाखर. गाडी वळवून मी त्या ट्रॅक्टरपाशी गेलो आणि ओरडून सांगितलं की हे गाणं आमचं आहे. ड्रायव्हरने मला ओळखलं नाही. त्याला वाटलं मला ऐकू येत नाहीये, म्हणून त्याने आवाज आणखी वाढवला. मागच्या ट्रॅक्टरवरचा पोरगा सगळे शब्द म्हणत होता, त्याच वेगात.

पेनड्राइव्ह आठ जीबीचा होता, हिरोईनचा होता, आणि तो मी तिला अजून परत दिलेला नाही.