पस्तिशीची इझाबेल आणि दाढी करणारी आदेला

"काकू, कपडे झाले वाळत घालून? या ना जरा कुंपणापाशी. काल मुलानं लॅपटॉपवर जुना स्पॅनिश सिनेमा लावून दिला, 'काये मायोर'. रात्रभर डोळ्याला डोळा नाही."

"भुताचा होता?"

"भूत परवडलं. टवाळ पुरुषांचा! लहान गाव, इझाबेल पस्तिशीची, लग्न राहिलेलं. रिकामटेकड्यांना चेष्टा सुचते, आपल्यातल्या एकानं तिला मागणी घालायची. खोटी. ती बिचारी त्याच्याबरोबर अर्धवट बांधलेल्या घरात फिरते, इथे झोपायची खोली करू म्हणते. नुसत्या कोऱ्या भिंती हो, आणि तिच्या डोळ्यांत संसार मांडलेला!"

"मेल्यांना आयाबहिणी नव्हत्या?"

"होत्या की. पण १९५६ सालची गोष्ट, स्पेनमध्ये हुकूमशहा फ्रँकोचं राज्य. बायकोला नोकरी करायची तर नवऱ्याची परवानगी लागायची. १९७५ पर्यंत कायदाच होता तसा. म्हणजे बिनलग्नाचीला गावात किंमत नाही, लग्न झालेलीला कागदावर नाही. दिग्दर्शक बार्देमला तर शूटिंग चालू असतानाच पकडलं होतं."

"आणि सेन्सॉरनं हे दाखवू दिलं?"

"त्यांची अक्कल वेगळीच. तो 'मोगॅम्बो' होता ना…"

"अमरीश पुरी?"

"नाही हो, अमेरिकन सिनेमा. त्यात लग्न झालेली बाई दुसऱ्यात गुंतते. छे, हे कसं चालेल! मग स्पॅनिश डबिंगमध्ये नवराबायकोला भाऊबहीण करून टाकलं. आणि ही भावंडं एकाच तंबूत!"

"अगं बाई! झाकायला गेले आणि उघडंच पडलं."

"पण मला आवडली ती दुसऱ्या एका स्पॅनिश सिनेमातली आदेला. 'मी केरीदा सेन्योरीता', १९७२ चा. त्रेचाळीस वर्षांची, सोज्वळ, देवभोळी. रोज गुपचूप दाढी करते! बँकेच्या मॅनेजरची मागणी येते तेव्हा घाबरून डॉक्टरकडे जाते. डॉक्टर म्हणतात, तुम्ही पुरुष आहात."

"काय सांगतेस! काम कुणी केलंय?"

"होसे लुईस लोपेस वास्केस. विनोदी नट, पण इथे एकदाही थिल्लर होत नाही. पुढे आदेलाचा हुआन होऊन माद्रिदला येतो, तर हाती ओळखपत्र नाही. बायकी कामांखेरीज काही शिकवलेलंच नाही, मग शिलाई मशीनवर बसतो. फ्रँको जिवंत होता हो तेव्हा! ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेला सिनेमा. त्या 'काये मायोर'मध्ये माणसं इझाबेलला हसतात, इथे आदेलाला हसायची सोयच ठेवली नाही दिग्दर्शकानं. मला तर दोघींतली हीच जास्त धीट वाटली."

"मग पुढे एकटाच राहतो?"

"छे! जुनी मोलकरीण इसाबेलिता भेटते, प्रेम जुळतं. हा आपलं गुपित सांगू पाहतो, तर ती शेवटी असं काही बोलते की वाटतं, हिला सगळं ठाऊकच होतं."

"असणारच. घरकाम करणारीपासून काय लपतंय? पण शेवट सांगून टाकलास की गं!"

"मग काय, तुम्ही बघणार होतात?"

"होते की. दुपारी लॅपटॉप घेऊन ये."